‘लीव्ह’च्या उलट काय? : जाण्याच्या इंग्रजी वाक्प्रयोगांविषयी

अनुवादाच्या पहिल्या तासाला मी दर वर्षी फळ्यावर दोन इंग्रजी वाक्ये लिहिते. पहिले, ‘हर फादर लेफ्ट हर’. दुसरे, ‘हर फादर लेफ्ट हर अ सोइंग मशीन’. दोन्हींत कर्ता एक, क्रियापद एक, जिच्याविषयी बोलणे चालले आहे ती मुलगीही एकच. पहिल्या वाक्याला वर्ग अडखळत नाही. ‘तिचे वडील तिला सोडून गेले’ हे सगळ्यांना चटकन येते. दुसऱ्या वाक्याशी मात्र गडबड सुरू होते. ‘वडिलांनी तिला शिलाई मशीन सोडले’, ‘वडील तिला शिलाई मशीनजवळ सोडून गेले’, ‘वडिलांनी तिला आणि शिलाई मशीनला सोडले’ अशी उत्तरे मी जपून ठेवली आहेत. वाक्याचा खरा अर्थ, म्हणजे वडिलांनी मशीन तिच्यासाठी मागे ठेवले, तिच्या नावे केले, हा वर्गातल्या दोघा-तिघांनाच सापडतो.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘वडील गेले आणि शिलाई मशीन राहिले.’ शब्दशः पाहिले तर हा अनुवाद चूक आहे. मी तसे सांगितले. ती म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी असंच झालंय. मशीन ते सोडून गेले की ठेवून गेले, ते आईला अजून सांगता येत नाही.” वर्ग गप्प झाला. मीही पुढे काही विचारले नाही. तिच्या ‘गेले’ या शब्दातून वडील वारले की घर सोडून गेले, तेही मला कळले नव्हते. मराठीत ते कळत नाही. प्रस्तुत लेख त्या तासानंतर मनात राहिलेल्या प्रश्नांतून लिहिला आहे.

शाळेपासून आपण विरुद्धार्थी शब्द जोड्यांनी पाठ करतो. येणे आणि जाणे, आत आणि बाहेर, उदय आणि अस्त. इंग्रजीच्या पुस्तकातही ‘अराइव्ह’समोर ‘लीव्ह’ छापलेले असते, आणि त्या जोडीला एक गुण मिळतो. ती जोडी खोटी नाही, पण अपुरी आहे. ‘लीव्ह’ वापरून काही साधी वाक्ये करून पाहावीत. गाडी पाच वाजता ‘लीव्ह’ करते, तिथे उलट शब्द ‘अराइव्ह’, म्हणजे पोहोचणे. पाहुणा खोलीतून ‘लीव्ह’ करतो, तिथे उलट ‘एंटर’, प्रवेश करणे. कारकून नोकरी ‘लीव्ह’ करतो, तिथे ‘जॉइन’, रुजू होणे. भाडेकरू जायचे की थांबायचे हे ठरवतो, तिथे ‘स्टे’, राहणे. दुकानदार ‘टेक इट ऑर लीव्ह इट’ म्हणतो, तिथे उलट शब्द त्याच वाक्यात हजर आहे : ‘टेक’, घेणे. छत्री घरी ‘लीव्ह’ केली, तिथे उलट ‘ब्रिंग’, बरोबर आणणे. शब्द एक आणि विरुद्धार्थी सहा. सहाही बरोबर.

याचा अर्थ असा की विरुद्धार्थ हा शब्दाला चिकटलेला नसतो, तो प्रसंगाला चिकटलेला असतो. जॉन लायन्स यांनी १९७७ च्या ‘सिमँटिक्स’ या ग्रंथात विरोधाचे प्रकार वेगळे केले आहेत. लांब-आखूड यांच्यासारखा चढउतार असलेला विरोध, जिवंत-मृत यांच्यासारखा मधली जागा नसलेला विरोध, विकणे-विकत घेणे यांच्यासारखा एकाच व्यवहाराला दोन बाजूंनी पाहणारा विरोध, आणि वर-खाली, येणे-जाणे यांच्यासारखा दिशेचा विरोध. जाण्याची क्रियापदे या शेवटच्या प्रकारातली, असे आपण मानून चालतो. पण वरच्या सहा वाक्यांत दिशेचा विरोध पहिल्या दोनांतच धड आहे. ‘राहणे’ ही दिशा नव्हे, तो दिशेचा अभाव आहे. आणि दुकानदाराच्या वाक्यात तर कोणी कुठे जातही नाही.

मराठीतली गोष्ट वेगळी नाही. सोडणेच्या उलट धरणे, पण उपास सोडणेच्या उलट उपास धरणे आणि नोकरी सोडणेच्या उलट मात्र नोकरी धरणे असे म्हणतातही आणि म्हणतही नाहीत. पाणी सोडणेच्या उलट काय? नळाला पाणी सोडले असेल तर बंद करणे, आणि हक्कावर पाणी सोडले असेल तर हक्क सांगणे.

आता ‘लीव्ह’ या शब्दाकडे जरा थांबून पाहू, कारण त्याच्या पोटात एक गंमत आहे. प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘जाणे’ असा नव्हता. ‘मागे राहू देणे’ असा होता. माणूस मेल्यावर जे मागे राहू देतो ते, म्हणजे वारसा, हा त्याचा फार जुना अर्थ. जर्मनमधले ‘ब्लायबेन’ म्हणजे राहणे हे याच कुळातले. जो काही मागे राहू देतो तो स्वतः पुढे गेलेला असतो, आणि त्यातून हळूहळू ‘जाणे’ हा अर्थ आला. म्हणजे शिलाई मशीनचे वाक्य मूळ अर्थाचे आहे, आणि ज्याला आपण सरळ समजतो ते ‘सोडून गेले’ मागून आलेले आहे. आजही इंग्रजीत ‘ही लेफ्ट’ म्हणजे तो गेला, आणि ‘व्हॉट इज लेफ्ट’ म्हणजे काय उरले. गेलेल्याला आणि उरलेल्याला एकच शब्द.

व्युत्पत्तिकार आणखी मागे जातात आणि या शब्दाचे मूळ ‘चिकटणे’ या अर्थाच्या धातूत दाखवतात. आपल्याकडचा लिप् धातू, लेप, लिप्त हे शब्द त्याच घराण्यातले. इंग्रजीतला ‘लाइफ’ही. सोडून जाण्याचा शब्द चिकटून राहण्याच्या शब्दातून निघाला आहे, हे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा वही उघडतात.

या दुहेरीपणाचा सर्वात जाहीर प्रसंग ब्रिटनमध्ये २०१६ साली घडला. युरोपीय संघात राहायचे की नाही यावर २३ जून रोजी सार्वमत झाले. सरकारने विधेयकात आधी जो प्रश्न ठेवला होता त्याचे उत्तर हो किंवा नाही असे द्यायचे होते. १९७५ च्या सार्वमतातही तसेच होते. पण निवडणूक आयोगाने २०१५ मध्ये सुचवले की ‘हो’ हा शब्द मतदाराला एका बाजूला झुकवू शकतो, म्हणून दोन्ही पर्याय शब्दांत मांडावेत. मग मतपत्रिकेवर ‘रिमेन’ आणि ‘लीव्ह’ आले. ५१.९ टक्के मते ‘लीव्ह’ला पडली. शब्दाभ्यासकाच्या नजरेने पाहिले तर ज्या शब्दाचा जुना अर्थ ‘राहू देणे’ होता, तो ‘राहणे’ या शब्दासमोर विरुद्धार्थी म्हणून उभा केला गेला आणि कोणालाही खटकले नाही. जोडी कोणती लावायची हा प्रश्न व्याकरणाचा नसतो, असे मी विद्यार्थ्यांना म्हणते तेव्हा हेच उदाहरण देते.

पण इंग्रजीत ‘लीव्ह’ दोन आहेत, आणि आपल्या अनुवादकांची जास्त फजिती दुसऱ्याने होते. हा दुसरा शब्द नाम आहे, त्याचा अर्थ परवानगी. उच्चार आणि स्पेलिंग सारखे झाले, पण कुळ निराळे. याचे भाऊबंद ‘लव्ह’ आणि ‘बिलीव्ह’, आणि आपल्याकडचा लुभ् धातू, म्हणजे लोभ. ‘टेक लीव्ह’ म्हणजे जाणे घेणे नव्हे, जाण्याची परवानगी घेणे. राजदरबारातून, वडीलधाऱ्यांसमोरून उठायचे तर विचारूनच उठायचे, त्या शिष्टाचाराचा हा अवशेष आहे. नोकरीतली ‘लीव्ह’ म्हणजेही कामावर न येण्याची परवानगी. ती न घेता गेले तर ‘फ्रेंच लीव्ह’. फ्रेंच लोक त्याच गोष्टीला इंग्रजांच्या तऱ्हेने निसटणे म्हणतात, तो दोन शेजाऱ्यांचा हिशेब.

इथे मराठी किती जवळ आहे पाहा. रजा हा शब्द अरबीतल्या ‘रिझा’ वरून आला, अर्थ संमती. राजी, रजामंदी ही त्याचीच भावंडे. ‘रजा घेतो’ म्हणून माणूस बैठकीतून उठतो आणि ‘रजा टाकतो’ म्हणून कचेरीला दांडी मारतो, तेव्हा इंग्रजी ‘लीव्ह’ने केलेलाच प्रवास मराठी रजेने स्वतंत्रपणे केलेला असतो. निरोप या शब्दाचेही तसेच. गुरुचरित्रात गुरूचा निरोप म्हणजे गुरूची आज्ञा. आज्ञेवरून संदेश, आणि जाण्याच्या आज्ञेवरून विदाय. म्हणून निरोप सांगता येतो, देता येतो आणि घेताही येतो. जाणारा निरोप घेतो आणि राहणारा देतो, हे विधिवत् परवानगीचेच रूप आहे. आणि पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ लिहितो. इंग्रजीतले ‘लीव्ह’ घेणे आणि मराठीतला असावा म्हटलेला लोभ एकाच धातूच्या दोन फांद्या आहेत, हे लिहिणाऱ्या कोणाच्या ध्यानी असण्याचे कारण नाही, पण जागा दोघांनी एकच निवडली आहे : जाण्याच्या आधीची शेवटची ओळ.

ही व्युत्पत्तीची हौस म्हणून सोडून देता आली असती. पण कागदपत्रांत तिला किंमत आहे. मुंबई-पुण्यात घर भाड्याने घेताना ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो. तिथला ‘लिव्ह’ म्हणजे घर सोडणे असे समजणारी सुशिक्षित माणसे मला भेटली आहेत. मुदत संपली की घर सोडायचे, म्हणून ‘लिव्ह’, असे त्यांचे स्पष्टीकरण. प्रत्यक्षात तो शब्द परवानगीचा आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये परवान्याची, म्हणजे ‘लायसन्स’ची जी व्याख्या आहे तिचा मथितार्थ असा की, एरवी जे करणे बेकायदा ठरेल ते दुसऱ्याच्या मिळकतीत करण्याची मुभा, आणि तीही त्या मिळकतीत कोणताही हक्क निर्माण न करता. म्हणजे हा शब्द घरात येण्याविषयी आहे. करार वाचणारा त्याचा अर्थ बाहेर पडणे असा घेतो. येणे-जाणे पुरते उलटे झाले.

दुसरे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाचे. संविधानाच्या अनुच्छेद १३६ खाली अपील करायला न्यायालय विशेष ‘लीव्ह’ देते. वर्तमानपत्रे तिला बरोबर ‘विशेष अनुमती याचिका’ म्हणतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ती ‘विशेष रजा याचिका’ होते. रजा या शब्दाचा मूळ अर्थ संमती आहे, तेव्हा विद्यार्थी नकळत मुळाशी पोहोचलेला असतो, पण आजच्या वाचकाला त्या शब्दांतून न्यायमूर्ती रजेवर गेल्याचे दिसते. मी अर्धा गुण देते.

आता वाक्प्रयोगांकडे. इंग्रजीत साध्या क्रियापदापुढे ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अवे’ असे छोटे शब्द लागून जाण्याचे नाना प्रकार तयार होतात, आणि विद्यार्थ्यांचा असा समज असतो की छोटा शब्द उलटा केला की अर्थ उलटा होतो. ‘इन’चा ‘आउट’ करा, ‘ऑफ’चा ‘ऑन’ करा, झाले. ‘चेक इन’ आणि ‘चेक आउट’, ‘मूव्ह इन’ आणि ‘मूव्ह आउट’, ‘लॉग इन’ आणि ‘लॉग आउट’ एवढ्यांपुरते ते खरे आहे. पण ‘ड्रॉप इन’ म्हणजे सहज डोकावून जाणे आणि ‘ड्रॉप आउट’ म्हणजे शिक्षण अर्धवट टाकणे. ‘ड्रॉप ऑफ’च्या, म्हणजे कोणाला गाडीने नेऊन सोडण्याच्या उलट ‘पिक अप’. ‘वॉक आउट’ म्हणजे सभात्याग, आणि ‘वॉक इन’ म्हणजे आधी वेळ न ठरवता दिलेली मुलाखत. ‘टेक ऑफ’ विमानाचे असेल तर उलट ‘लँड’, कोटाचे असेल तर ‘पुट ऑन’. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, आणि ‘सेट ऑन’ म्हणजे कुत्रे अंगावर सोडणे. यांना जोड्यांत बसवण्याचा प्रयत्नच व्यर्थ आहे.

‘सी ऑफ’विषयी मला स्वतःची एक चूक कबूल करायची आहे. तरुणपणी मी एका इंग्रजी कथेचा अनुवाद केला होता आणि तो एका मासिकात छापूनही आला. त्यात घराच्या कुत्र्याने चोराला ‘सॉ हिम ऑफ’ केले होते. मी लिहिले, ‘कुत्र्याने चोराला निरोप दिला.’ संपादकांनीही ते जाऊ दिले. एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवून विचारले, कुत्रा स्टेशनपर्यंत गेला होता का? ‘सी ऑफ’ म्हणजे पोहोचवायला जाणे, आणि ‘सी ऑफ’ म्हणजेच हुसकून लावणे. क्रिकेटच्या समालोचनात सलामीचा फलंदाज नवा चेंडू ‘सी ऑफ’ करतो, त्याला आपण नवा चेंडू खेळून काढणे म्हणतो. तिथे ना निरोप, ना हुसकावणे. टिकून राहून समोरच्याला निघून जाऊ देणे, एवढेच.

त्या पोस्टकार्डानंतर बराच काळ मला वाटे की प्रेमाने पोहोचवणे आणि हाकलणे यांना एकच शब्द वापरणे हा इंग्रजीचा विचित्रपणा आहे. मग मराठीतल्या बोळवणीकडे लक्ष गेले. पाहुण्याची, माहेरवाशिणीची बोळवण करणे म्हणजे साडीचोळी देऊन, वेशीपर्यंत जाऊन तिला वाटेला लावणे. आणि मागणाऱ्याची दोन शब्दांवर बोळवण करणे म्हणजे काही न देता कटवणे. वाटेला लावणे आणि वाट लावणे यांत एका प्रत्ययाचे अंतर. नारळ तर दोन्हीकडे. ओटीत नारळ पडला तर तो शुभ, आणि कचेरीत नारळ मिळाला तर उद्यापासून येऊ नका. बिदागी हा शब्द विदाय याच अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. कीर्तनकाराला किंवा गवयाला जाताना द्यायचे ते मानधन. जाण्याचाच शब्द मानाच्या रकमेला लागला. तेव्हा कुत्र्याला निरोप द्यायला लावणारी मी चुकले हे खरे, पण ‘कुत्र्याने चोराची बोळवण केली’ असे लिहिले असते तर चालून गेले असते, कदाचित शोभलेही असते.

शाळेचे उदाहरण शिक्षकांनी मुद्दाम वर्गात घ्यावे. शाळा सुटली, शाळा सोडली, शाळेत सोडले. या तीन मराठी वाक्यांत सुटणे आणि सोडणे एवढी एकच धातूंची जोडी आहे. पहिल्यात मुले घरी आली, उद्या परत जातील. दुसऱ्यात परत जाणार नाहीत. तिसऱ्यात आत्ताच पोहोचली आहेत. आणि दहावी पार करून बाहेर पडलेल्या मुलाच्या हातात जो कागद असतो तोही ‘शाळा सोडल्याचा दाखला’च. कर्नाटकात दहावीच्या परीक्षेच्या नावातच ‘लीव्हिंग’ आहे, बेळगावची मराठी मुले तिला ‘एस.एस.एल.सी.’ म्हणतात. तिथे ‘लीव्हिंग’ म्हणजे पुरे करणे. ब्रिटनमध्ये ‘स्कूल लीव्हर’ म्हणजेही शालेय शिक्षण संपवून बाहेर पडणारा. पण एखाद्याने अर्जात ‘आय लेफ्ट स्कूल इन टेन्थ’ लिहिले तर वाचणारा त्याला अर्धवट शिकलेला समजतो. शिक्षण सोडण्याला आणि शिक्षण पुरे करण्याला मराठीत आणि इंग्रजीतही हा एक शब्द पुरतो, आणि फरक कळतो तो फक्त जवळच्या कागदावरून. ‘ड्रॉप आउट’ला आपण गळती हा शब्द काढला. गळतीच्या उलट काय, असे विचारले तर मुले ‘भरती’ म्हणतात. शब्द म्हणून ते ठीक. पण गळालेल्या मुलाच्या बाबतीत उलट गोष्ट म्हणजे नव्याने भरती होणे नव्हे, तो आधीच टिकून राहणे ही होय.

याच ओघात ‘पास आउट’. भारतात पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला आपण ‘पास आउट’ म्हणतो. लष्करी प्रबोधिनीच्या दीक्षान्त संचलनाच्या इंग्रजी नावातही ते आहे, म्हणजे प्रयोग निराधार नाही. पण इंग्लंडातल्या माणसाला २०१० साली मी पास आउट झाले असे सांगितले तर तो आधी प्रकृतीची चौकशी करील, कारण त्याचा रोजचा अर्थ शुद्ध हरपणे.

‘कम’ आणि ‘गो’ यांच्यात चार्ल्स फिलमोर यांनी दाखवलेला एक बारकावा अनुवादकाने विसरू नये. तो मध्यरात्री घरी आला म्हटले की मध्यरात्र ही पोहोचण्याची वेळ. तो मध्यरात्री घरी गेला म्हटले की ती निघण्याची वेळ. येण्याचे क्रियापद पोहोचण्याच्या टोकाला बांधलेले, जाण्याचे निघण्याच्या टोकाला. मराठीतही हे लागू पडते, फक्त आपण कधी तसे तपासून पाहत नाही. ‘लीव्ह’पुढे ‘फॉर’ आले की टोक बदलते. ‘शी लेफ्ट देवास’ म्हणजे ती देवासहून निघाली, ‘शी लेफ्ट फॉर देवास’ म्हणजे देवासला निघाली. एका ‘फॉर’ने बाई उलट्या दिशेला जाते. आपण ते काम ‘हून’ आणि ‘ला’ यांच्याकडे दिले आहे. आमच्याकडे इंदूरला आणखी एक घोटाळा आहे. पुण्याचा माणूस ‘गाडी सुटली’ म्हणतो तेव्हा गाडी निघाली, तो आत बसला आहे. इंदूरचा मराठी माणूस ‘गाडी सुटली’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो फलाटावर उभा असतो, कारण त्याच्या कानात हिंदीतले ‘गाडी छूट गई’ असते. आमच्या मराठीत ‘मी जाऊन राहिलो’ म्हणणाराही आहे. जाणे आणि राहणे एका वाक्यात, आणि अर्थ फक्त ‘जातो आहे’. वैदर्भीयांना हे समजावून सांगावे लागत नाही.

पण जाण्याच्या उलट येणे, ही जोडी मोडते ती घराच्या उंबऱ्यावर. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. लहान मूल ‘जाते’ म्हणाले तर आजी लगेच सुधारते, “जाते नाही म्हणू, येते म्हण.” हा केवळ मराठीचा संकेत नाही, हे आपल्या वार्षिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. वडोदऱ्याची मंडळी शेजाऱ्याकडून रोज ‘आवजो’ ऐकतात, म्हणजे ‘या’. बेळगावात कन्नड शेजारीण ‘होगि बर्तीनि’ म्हणते, जाऊन येते. हैदराबादेत तेलुगूतले ‘वेळ्ळोस्तानु’ही तेच, जाऊन येतो. चार भाषांत जाण्याच्या जागी येणे आहे. इंग्रजीत त्या जागी ‘गुडबाय’ आहे. ते मुळात देव तुमच्याबरोबर असो अशा अर्थाच्या वाक्याचे आखडलेले रूप. ‘फेअरवेल’ म्हणजे नीट प्रवास करा. दोन्ही जाणाऱ्याच्या वाटेची काळजी करतात. आपले ‘येतो’ राहणाऱ्याची काळजी करते. म्हणून इंग्रजी कथेतला ‘आय अॅम लीव्हिंग’ मराठीत ‘मी येतो’ करायचा की ‘मी जातो’ हा निर्णय शब्दकोश देऊ शकत नाही. नवरा सकाळी कचेरीला निघाला असेल तर ‘येतो’. बायकोशी भांडून बॅग उचलली असेल तर ‘जातो’, आणि तो ‘जातो’ मराठी वाचकाला दार आपटल्यासारखा ऐकू जाईल. तीन इंग्रजी शब्दांत नसलेली माहिती मराठी अनुवादकाला स्वतः ठरवावी लागते.

रामराम हा शब्द तर भेटतानाही आणि जातानाही, आणि राजकारणाला रामराम ठोकला म्हणजे कायमचाच. प्रस्थानाचेही असे. इंदूर स्टेशनच्या हिंदी फलकावर ते गाडी सुटण्याची वेळ सांगते. पण जुन्या मराठीत प्रस्थान ठेवणे म्हणजे मुहूर्त साधला पण निघणे जमत नाही, तेव्हा आपले काही सामान वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे आणि स्वतः घरीच राहायचे. माउलींच्या पालखीचे प्रस्थान आळंदीत होते आणि पालखी त्या रात्री आळंदीतच मुक्काम करते, दुसऱ्या दिवशी पुण्याची वाट धरते. निघालेले असणे आणि अजून न गेलेले असणे. याला इंग्रजी वाक्प्रयोग मला अद्याप सापडला नाही.

मृत्यूच्या शब्दांत हा सगळा गुंता एकदम समोर येतो. इंग्रजीत माणूस ‘पास अवे’ होतो, ‘डिपार्ट’ होतो, म्हणजे इथून निघतो. मराठीत तो जातो खरा, पण निवर्ततोही, आणि नि-वृत् म्हणजे मागे फिरणे, परत जाणे. नावामागे कैलासवासी लागते, म्हणजे तो तिथे राहायला गेला. एक भाषा सुटण्याचे टोक धरते, दुसरी पोहोचण्याचे. इंग्रजी मृत्युवार्तेत मृत माणूस पत्नी आणि दोन मुले ‘लीव्ज बिहाइंड’. इथे ‘सोडून गेले’ असा अनुवाद वर्तमानपत्रात वाचला तर घरच्यांना तो आरोप वाटेल. मराठी पत्रकारितेने ‘त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुले असा परिवार आहे’ हे वाक्य घडवले. त्यात मृत व्यक्ती कर्ता राहत नाही, परिवार कर्ता होतो. गुळगुळीत झालेले वाक्य म्हणून आपण त्याला हसतो, पण अनुवाद म्हणून ते मला फार शहाणे वाटते.

वर्गात आता मी विरुद्धार्थी शब्दांची यादी देत नाही. वाक्य देते आणि विचारते, हे घडले नसते तर काय घडले असते? आणि दुसरे, हे घडलेले पुसायचे असेल तर काय करावे लागेल? या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा वेगवेगळी येतात. नोकरी सोडली नसती तर नोकरीत राहिला असता, आणि सोडलेले पुसायचे तर पुन्हा रुजू व्हावे लागेल. दोन विरुद्धार्थी, दोन्ही खरे. ‘लेफ्ट हर अ सोइंग मशीन’ला मात्र पहिल्याच प्रश्नाचे उत्तर आहे : मशीन दुसऱ्या कोणाला मिळाले असते, किंवा विकले गेले असते. दुसऱ्याचे नाही. देणारा नसल्यामुळे ते देणे कोणाला परत घेता येत नाही.

वार्षिक परीक्षेत मी पुन्हा तीच दोन वाक्ये ठेवली. त्या विद्यार्थिनीने पहिल्याचा अनुवाद केला, ‘वडील तिला सोडून गेले.’ दुसऱ्याच्या जागी आधी ‘सोडले’ लिहून खोडले होते, मग ‘दिले’ लिहून तेही खोडले होते. खाली स्वच्छ अक्षरात होते, ‘वडिलांनी तिच्यासाठी शिलाई मशीन मागे ठेवले.’ मी दोन्हींना पूर्ण गुण दिले.